जादू खरी असलेल्या आजच्या महाराष्ट्रात पात्राचा व्यवसाय कसा निवडावा : नव्या कथालेखकांसाठी मार्गदर्शक

आजच्या काळात घडणारी, पण जादू खरी असलेली कथा लिहायला बसलेल्या नव्या लेखकाची पहिली अडचण पोटापाण्याची असते. नायिकेच्या हातात शक्ती दिली, ती कोठून आली हेही ठरले. परंतु सोमवारी सकाळी ती कोठे कामाला जाते, तिच्या कामाचे पैसे कोण देतो आणि ते काम शिकायला तिला किती वर्षे लागली, हे ठाऊक नसेल तर कथा थोड्याच प्रकरणांत अडते. मग लेखक परकीय कथांतील जादूगारांचे विद्यालय किंवा मांत्रिकांचा संघ उचलून आणतो आणि तो पुण्याच्या किंवा परभणीच्या रस्त्यावर ठेवतो. तेथे तो रुजत नाही, कारण आपल्याकडे काम, जात, परवाना, हंगाम आणि उधारी यांचे नाते वेगळे आहे.

पाणाड्याच्या, म्हणजे जमिनीखाली पाणी कोठे आहे ते सांगणाऱ्याच्या, व्यवसायावर एक दीर्घकथा लिहिताना मी या सगळ्या टप्प्यांतून गेलो आहे. जमिनीखालचे पाणी खरोखर दिसणारी एक तरुणी मराठवाड्यात काय काम करेल, हा माझा प्रश्न होता. त्याच्या उत्तरापर्यंत पोहोचताना जे टप्पे उपयोगी पडले ते येथे क्रमाने देतो. उदाहरण बहुतेक ठिकाणी पाणाड्याचेच घेतले आहे, कारण एकच व्यवसाय शेवटपर्यंत नेला म्हणजे टप्प्यांचा परस्परांशी असलेला संबंध लक्षात येतो.

आधी जमवायची सामग्री

१. दोन वह्या. एकीत जादूचे नियम आणि दुसरीत पात्राचा जमाखर्च लिहावा. दोन्ही एकाच वहीत लिहिल्या तर नियम बदलताना हिशेब बदलायचा राहून जातो.

२. राज्य मंडळाचे इयत्ता नववीचे विज्ञानाचे पुस्तक आणि साधा कॅल्क्युलेटर. त्यातील कार्य आणि ऊर्जा हा धडा पुरेसा आहे.

३. कथा घडते त्या तालुक्याचा नकाशा.

४. जादूटोणाविरोधी कायदा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २०१३ च्या अधिनियमाची मराठी प्रत, अनुसूचीसह.

५. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील, म्हणजे आयटीआयमधील व्यवसायांची यादी आणि एखाद्या सरकारी भरतीची अलीकडची जाहिरात. पात्रता, वयोमर्यादा, आरक्षण, अनुभवाचा दाखला हे सारे कोणत्या भाषेत लिहिले जाते ते तिच्यातून समजते.

६. तुम्ही निवडाल त्या कामाच्या जवळचे काम प्रत्यक्ष करणारी आणि तुमच्याशी बोलायला तयार असलेली एक व्यक्ती.

टप्पा १ : जादूचे वय ठरवा

तुमच्या जगात जादू पूर्वापार आहे, की एकदोन पिढ्यांपूर्वी आली, की याच वर्षी आली? व्यवसायाचे स्वरूप या उत्तरावर ठरते. जादू पूर्वापार असेल तर तिच्याभोवती वतने, बलुती, जातींची मक्तेदारी आणि वतने रद्द करणारे कायदे हे सारे उभे राहिलेले असणार, आणि महाराष्ट्राचा इतिहासच तुम्हाला नव्याने मांडावा लागेल. जादू याच वर्षी आली असेल तर तिचा व्यवसाय अजून बनलेलाच नाही. लोक ती चोरून, उधारीवर, ओळखीपाळखीत वापरत असतील. नवख्या लेखकाने सुमारे पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आलेली जादू घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे आजचा महाराष्ट्र जसा आहे तसा वापरता येतो, आणि पहिली शिकलेली पिढी नुकतीच नोकरीला लागलेली असते.

टप्पा २ : शक्तीचा खर्च विजेच्या युनिटमध्ये मोजा

हा टप्पा बहुतेक लेखक गाळतात, आणि पुढे सर्वांत जास्त दुरुस्त्या याच टप्प्यापायी कराव्या लागतात. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख जूल ऊर्जा. एक टन वजनाचा दगड १० मीटर उंच उचलायला सुमारे ९८ हजार जूल लागतात, म्हणजे साधारणपणे एका युनिटचा सदतिसावा भाग. आता दुसरे काम पाहा. अंघोळीचे २० लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवायला सुमारे १६ लाख ७५ हजार जूल, म्हणजे जवळजवळ अर्धे युनिट लागते. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या माणसाच्या हातून घडणारे यांत्रिक कामही अर्ध्या युनिटाच्याच आसपास असते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तुमच्या जगात जादूची ऊर्जा माणसाच्या शरीरातून येत असेल, तर कथांमध्ये थक्क करणारी म्हणून येणारी दगड उचलण्याची करामत स्वस्त आहे, आणि किरकोळ वाटणारी पाणी तापवण्याची करामत एका मजुराच्या दिवसभराच्या श्रमाएवढी महाग आहे. अग्नीची विद्या जाणणारा मनुष्य शहरात उपाशी राहील, कारण गीझर तेच काम काही रुपयांत करतो. वजन उचलणाऱ्याचे थोडे बरे चालेल. मात्र क्रेन पोहोचत नाही अशाच ठिकाणी, म्हणजे जुन्या वाड्यांच्या बोळांत, विहिरींत किंवा दरड कोसळलेल्या घाटात.

सर्वांत कमी ऊर्जा लागते ती माहितीला. भिंतीच्या आत वायर कोठे तुटली आहे, खडकात पाणी कोठे आहे, पुलाच्या खांबाला आतून तडा गेला आहे का, हे केवळ कळण्यासाठी शरीराला फारसे काही द्यावे लागत नाही, आणि ती माहिती लाखो रुपयांची असू शकते. म्हणून पहिला व्यवसाय निवडताना ढकलण्याची, जाळण्याची किंवा उडण्याची शक्ती बाजूला ठेवून जाणण्याची शक्ती घ्यावी, असे मी सुचवतो. तिचा हिशेब जुळतो, आणि तिच्यातून माणसामाणसांतले प्रसंगही अधिक निघतात.

ऊर्जा शरीरातून येत नाही, बाहेरून येते, असे ठरवण्याची तुम्हाला मुभा आहे. तसे केल्यास तिचा स्रोत कोठे आहे, त्याची मालकी कोणाकडे आहे आणि वाटप कोण करतो याचे उत्तर द्यावे लागेल. कोयना प्रकल्पाची १,९६० मेगावॅट वीज ज्या धरणाच्या पाण्यातून येते, त्या धरणासाठी गावे उठली. जादूचा स्रोत असेल तर तोही कोणाच्या तरी जमिनीवर असेल. विषय मोठा आहे, आणि पहिल्या कथेत तो पेलणे कठीण जाते.

टप्पा ३ : तेच काम आज कोण, किती स्वस्तात करतो ते शोधा

शक्ती ठरली की तिचा प्रतिस्पर्धी शोधा. समुद्रात मासळीचे थवे कोठे आहेत हे ज्याला कळते असा कोळी तरुण तुम्ही घेतला, तर हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेकडून मच्छीमारांना संभाव्य मासेमारी क्षेत्रांची माहिती मिळते हे तुम्हाला ठाऊक असायला हवे. तुमच्या तरुणाला त्याहून अचूक सांगता आले पाहिजे, किंवा इन्कॉइसची माहिती पोहोचत नाही तेव्हा सांगता आले पाहिजे. शिवाय महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. त्या दोन महिन्यांत तो काय खातो?

पाणाड्याचा प्रतिस्पर्धी भूवैज्ञानिक आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून काम करते आणि विद्युत रोधकता, म्हणजे जमीन विजेच्या प्रवाहाला किती अडवते ते, मोजून पाण्याच्या जागा सुचवते. तरीही गावोगावी हातावर नारळ किंवा दोन फाट्यांची डहाळी घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याला आजही बोलावले जाते. नियंत्रित चाचण्यांमध्ये ही पद्धत नुसत्या अंदाजापेक्षा सरस ठरलेली नाही. मग लोक बोलावतात का? तो फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी येतो, मराठीत एका वाक्यात उत्तर देतो आणि बोट ठेवून जागा दाखवतो; अहवाल आणि शक्यतेची टक्केवारी हातात देत नाही. तुमच्या कथेतील खरी शक्ती असलेल्या तरुणीला भूवैज्ञानिकाच्या अचूकतेशी आणि खोट्या पाणाड्याच्या आत्मविश्वासाशी, अशी दुहेरी स्पर्धा करावी लागेल.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी सलग थरात नसते. ते झिजलेल्या भागात, भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यात असते. त्यामुळे एका बांधावरचा बोअर चालतो आणि पन्नास फुटांवरचा कोरडा जातो. तेथे जाणण्याच्या शक्तीला खरी किंमत आहे. हीच तरुणी तुम्ही गाळाच्या सपाट प्रदेशात नेली, जेथे बहुतेक ठिकाणी खणले की पाणी लागते, तर तिचा व्यवसाय बसेल. शक्ती आणि भूगोल यांची जोडी जुळवण्यासाठीच तालुक्याचा नकाशा जवळ ठेवायचा.

टप्पा ४ : पैसे कोण देतो, आणि नकाराचे पैसे कोण देतो

येथे घाई करू नका. माझ्या मते संपूर्ण निवडीचा गाभा या टप्प्यात आहे.

एका कागदावर तुमच्या पात्राच्या संभाव्य गिऱ्हाइकांची यादी करा आणि प्रत्येकापुढे तो काय गमावण्याची भीती बाळगतो ते लिहा. पाणाड्याच्या बाबतीत ही यादी अशी होते. कर्ज काढून बोअर घेणारा कोरडवाहू शेतकरी. मोसंबीची बाग जळू लागलेला बागाईतदार. शहराच्या कडेला इमारत बांधणारा बिल्डर. टँकर बंद व्हावा म्हणून धडपडणारी ग्रामपंचायत. आणि बोअरच्या गाडीचा एजंट, जो सर्वांत सोयीचा मालक असतो, कारण तो दररोज काम देतो आणि रोख देतो. मात्र त्याचा धंदा फुटाच्या दरावर चालतो. पाणी १२० फुटांवर लागले तर त्याला कमी मिळते. ६०० फूट खणून फुफाटा निघाला तरी त्याचे बिल पूर्ण होते.

आता खरा प्रश्न विचारा. ज्या शिवारात पाणी नाही तेथे ती तरुणी प्रामाणिकपणे नाही म्हणाली, तर तिला पैसे कोण देईल? शेतकरी आशेपोटी आलेला असतो, त्याला नकार विकत घ्यायचा नसतो. एजंटाला नकार परवडत नाही. तिचे सर्वांत मोलाचे उत्तर, ज्याने एका कुटुंबाचे दोन लाख वाचतात, तेच विकले जात नाही. या एका पेचातून माझ्या कथेचा बहुतेक भाग निघाला. तुमच्या पात्राचा व्यवसाय कोणताही असो, त्याच्या शक्तीचे कोणते उत्तर विकले जात नाही हे शोधा. खोटे ओळखणाऱ्या माणसाला वकील कामाला ठेवतील, पण स्वतःच्याच अशिलाचे खोटे सांगण्याचे पैसे देणार नाहीत. इमारतीचा तडा जाणणाऱ्याला मालक बोलावणार नाही. भाडेकरू बोलावतील, आणि त्यांच्याकडे पैसे नसतील.

उत्तर खरे ठरल्यावर काय होते याचाही विचार करा. एकाच्या बोअरला पाणी लागले की शेजाऱ्याच्या विहिरीचा झरा आटू शकतो. खरी शक्ती असलेली व्यक्ती एका गावात पाचदहा वर्षे यशस्वीपणे काम करत राहिली तर त्या गावची भूजलपातळी कोठे जाईल, हे तुमच्या हिशेबाच्या वहीत लिहिलेले असले पाहिजे.

टप्पा ५ : शिकण्याची वाट ठरवा

काम शिकण्याच्या आपल्याकडे ढोबळमानाने तीन वाटा आहेत : घराण्यातून, उस्तादाच्या हाताखाली आणि संस्थेत. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आलेल्या जादूसाठी संस्थेची वाट अर्धवट तयार झालेली असेल. मला आयटीआयचे वातावरण विश्वासार्ह वाटते. तेथे जोडारी, कातारी, वीजतंत्री, तारतंत्री, संधाता असे व्यवसाय शिकवले जातात. त्यांच्या शेजारी एखादा नवा व्यवसाय सुरू झाला, त्याला पूर्णवेळ निदेशक मिळालेला नाही, साहित्य अजून मंजूर झालेले नाही, आणि पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली वर्षभराची उमेदवारी करायची आहे, असे चित्र वाचकाला लगेच पटते. मंत्रांचे भव्य विद्यालय उभारण्यापेक्षा हे अवघड आहे, पण त्यात पात्राचे मित्र, भाड्याची खोली, एस.टी.चा पास हे सारे आपोआप येते.

या टप्प्यावरचा सर्वांत गंभीर धोका असा की शक्ती रक्तातून येते असे ठरवून लेखक नकळत जातिव्यवस्थेला निसर्गनियम करून टाकतो. बलुतेदारीत कामे जन्माने ठरत होती आणि त्या व्यवस्थेने माणसांना किती चिरडले हे आपल्याला ठाऊक आहे. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करण्यासाठी १९५८ मध्ये कायदा करावा लागला. तुमच्या जगात एखाद्या जातीत जन्मलेल्यालाच विद्या येत असेल, तर त्या व्यवस्थेचे समर्थन करणारे पात्र कथेत बरोबर ठरते. तसेच एखाद्या भटक्या जमातीला जन्मजात चोरविद्या किंवा मोहिनीविद्या देऊ नका. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नेमके हेच गृहीत धरले होते, आणि तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाल्यानंतरही त्याचा डाग विमुक्त जमातींच्या माथी राहिला आहे. शक्ती कोणालाही येऊ शकते, पण शिकण्याची संधी सर्वांना सारखी मिळत नाही, अशी मांडणी खरीही आहे आणि कथेला उपयोगीही आहे.

टप्पा ६ : कायद्यापुढे व्यवसाय उभा करा

महाराष्ट्रात जादूवर कथा लिहिणाऱ्याला एक कायदा टाळता येत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने नरबळी, अमानुष व अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा अधिनियम संमत केला. त्याखालील गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे; शिक्षा किमान ६ महिने व कमाल ७ वर्षे कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड अशी आहे. अनुसूचीत नेमकी कृत्ये दिली आहेत : भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, तथाकथित चमत्कार करून पैसे मिळवणे, एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे मुश्कील करणे, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्र-गंडेदोरे देणे, इत्यादी. ही अनुसूची शांतपणे वाचा आणि तुमच्या पात्राचे दररोजचे काम तिच्यातील कोणत्या कलमाजवळून जाते ते वहीत लिहा.

तुमच्या जगात शक्ती खरी असली तरी या कायद्याची गरज संपत नाही, उलट वाढते. एक खरा पाणाडी असेल तेव्हा त्याच्या नावावर पोट भरणारे खोटे पाणाडी शंभर असतील. म्हणून कायदा रद्द झाला असे गृहीत धरू नका. त्यात दुरुस्ती झाली, नोंदणीकृत व्यक्तीला विशिष्ट कामापुरती मुभा मिळाली, आणि नोंदणी नसलेल्यांवर गुन्हे दाखल होत राहिले, असे मानणे सयुक्तिक आहे.

याच्या जोडीला औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा केंद्रीय अधिनियम आहे. मंत्र, ताईत, कवच यांनी ठरावीक रोग बरे होतात अशा जाहिरातीला त्याने मनाई केली आहे. पाणाड्याला त्याऐवजी राज्याचा भूजल अधिनियम पाहावा लागतो. त्यात शेती व उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत आणि बोअरच्या गाड्यांच्या नोंदणीची तरतूद आहे. माझ्या नायिकेला दिसणारे सर्वांत चांगले पाणी बहुधा या मर्यादेच्या खालीच असते, आणि तेथून कथेला एक चांगले वळण मिळाले.

दोन गोष्टी टाळा, असे आग्रहाने सांगतो.

पहिली, रोग बरे करणारे पात्र. नव्या लेखकाला ते हमखास सुचते. परंतु त्या पात्रावर कायद्याचा भार सर्वांत अधिक पडतो, आणि एकदा असे पात्र आले की कथेतील प्रत्येक मृत्यूचे स्पष्टीकरण द्यावे लागते. शिवाय उपचार सोडून मांत्रिकाकडे गेल्यामुळे आजही माणसे दगावतात.

दुसरी, दुरून इजा करणारी जादू. डाकीण ठरवून बायकांना मारहाण करण्याच्या, गावाबाहेर काढण्याच्या, जिवे मारण्याच्या घटना आपल्या देशात घडत आल्या आहेत. तुमच्या जगात करणी खरी असली तर त्या जमावाचा संशय तर्काला धरून ठरतो. समोर उभे राहून, डोळ्यांना दिसेल असेच जादूने काही करता येते, दुरून कोणाचे वाईट करता येत नाही, हा एक नियम पहिल्या वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवा. कथा त्यामुळे दुबळी होत नाही, आणि त्या बायकांवरच्या खोट्या आरोपांना तुमच्या लेखणीचा आधार मिळत नाही.

टप्पा ७ : खात्री देणारा माणूस निर्माण करा

जादू खरी असलेल्या जगात खरे आणि खोटे वेगळे करणारा परीक्षक हा फार महत्त्वाचा व्यावसायिक असेल. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी चमत्कार तपासण्याच्या ज्या पद्धती रूढ केल्या, त्याच तेथे सरकारी परीक्षेच्या पद्धती होतील. पाणाड्याची परीक्षा अशी घेता येईल : दहा नळ्या जमिनीखाली पुरायच्या, त्यांपैकी एकीतूनच पाणी सोडायचे, आणि कोणत्या नळीत पाणी आहे हे उमेदवाराजवळ उभ्या असलेल्या परीक्षकालाही ठाऊक नसेल अशी व्यवस्था करायची, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधता येणार नाही. केवळ नशिबाने एकदा बरोबर येण्याची शक्यता दहात एक, आणि सलग तीनदा बरोबर येण्याची हजारात एक. राज्यभरातून दहा हजार उमेदवार बसले तर तीन फेऱ्यांच्या परीक्षेत शक्ती नसलेले साधारण दहा जणही उत्तीर्ण होतील. ते दहा जण परवाना घेऊन गावोगावी फिरतील, आणि त्यांतील काहींना आपल्याला खरेच दिसते असे मनापासून वाटेल. मला यातले सर्वांत करुण पात्र येथे सापडले.

खरे म्हणजे पात्रासाठी परीक्षकाचाच व्यवसाय निवडता येतो का, याचा विचार नव्या लेखकांनी अवश्य करावा. त्याला कोणतीही शक्ती लागत नाही, तो सर्व प्रकारच्या जादूगारांना भेटतो, आणि वाचकाचे प्रश्न तोच विचारतो.

टप्पा ८ : कोणाचे काम गेले ते पाहा

नवे काम आले की कोणाचे तरी जुने काम जाते. गारुड्यांचे उदाहरण अभ्यासा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर सापांचे खेळ बेकायदा ठरले आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान असलेली माणसे एकाएकी गुन्हेगारांच्या रांगेत आली. तमिळनाडूतील इरुळा या आदिवासी जमातीचे लोक साप पकडण्याच्या कौशल्याने कातड्यांच्या व्यापारावर गुजराण करत होते. त्या व्यापारावर बंदी आल्यावर त्यांनी १९७८ मध्ये चेन्नईजवळ सहकारी संस्था स्थापन केली. ती साप पकडून त्यांचे विष काढते, सापांना पुन्हा सोडते आणि प्रतिविष बनवणाऱ्यांना विष पुरवते. २०२३ मध्ये दोन इरुळा सर्पतज्ज्ञांना पद्मश्री मिळाली. एकच कौशल्य, एकाच काळात, एकीकडे गुन्हा ठरले आणि दुसरीकडे उद्योग. मधला फरक संस्थेचा, परवान्याचा आणि खात्रीच्या गिऱ्हाइकाचा होता. तुमच्या जगात जुने पाणाडी, भगत, वैदू यांचे काय झाले हे ठरवताना दोन्ही शक्यता डोळ्यांसमोर ठेवा.

टप्पा ९ : महिन्याचा जमाखर्च मांडा

दुसऱ्या वहीत बारा महिने आडवे लिहा. पाणाड्याचे काम बहुधा फेब्रुवारी ते मे या काळात असते. पावसाळ्यात जागा दाखवायला कोणी बोलावत नाही. ती चार महिन्यांची कमाई वर्षभर पुरवायची आहे. त्यातून मोटारसायकलचा हप्ता, पेट्रोल, नोंदणीचे नूतनीकरण, वर्षाचा २,५०० रुपये व्यवसाय कर वजा करा. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची गरज नसते, म्हणून ते प्रकरण सहसा टळेल. उधारी मात्र टळत नाही, कारण पीक आल्यावर देतो म्हणणारा शेतकरी खोटे बोलत नसतो, त्याचे पीकच आलेले नसते. बोअर फेल गेला तर गिऱ्हाईक ग्राहक आयोगात जाऊ शकते, हेही धरा. जुलैच्या रकान्यात शिल्लक उणे आली की समजा, व्यवसाय खरा वाटू लागला आहे. त्या महिन्यात तुमचे पात्र कोणते दुसरे काम करते ते लिहा.

शरीरावर होणारा परिणाम याच वहीत नोंदवा. प्रत्येक कामाचा एक आजार असतो. दगड फोडणाऱ्यांना फुप्फुसाचा होतो, फवारणी करणाऱ्यांना विषबाधा होते. सतत जमिनीखाली पाहणाऱ्या डोळ्यांचे किंवा झोपेचे काय होते ते ठरवा आणि मग ते बदलू नका.

टप्पा १० : तीन पाने लिहून पाहा

संपूर्ण कथा सुरू करण्यापूर्वी प्रत्येकी एक पान असे तीन प्रसंग लिहा. पहिल्यात पात्र मोबदल्याची घासाघीस करते. दुसऱ्यात ते अर्ज भरते किंवा नूतनीकरणासाठी कार्यालयात बसते. तिसऱ्यात त्याचे काम फसते आणि गिऱ्हाईक समोर उभे असते. तिन्ही पानांत जादू प्रत्यक्ष करून दाखवू नका.

ही पाने त्या कामाच्या जवळच्या माणसाला वाचून दाखवा. माझी पाने ऐकताना बोअरच्या गाडीवर काम केलेल्या एका गृहस्थांनी विचारले की केसिंग, म्हणजे बोअरमध्ये बसवायचा पाइप, कोणी आणायचे याची बोली ठरल्याशिवाय गाडी शिवारात येतेच कशी. असे प्रश्न आले की ते लिहून घ्या, पाने दुरुस्त करा आणि पुन्हा वाचून दाखवा. ऐकणारा माणूस जादूविषयी काहीच न विचारता दर, अंतर, उधारी आणि केसिंग यांविषयी विचारू लागला की पहिले प्रकरण लिहायला घ्या.